चपटे चेहरे, पूर्ण बिल

टीव्ही जुना झालाय, म्हणून चित्र असं दिसतं. केबलवाला हेच सांगतो, दुकानदार हेच सांगतो, आणि दिवाळीच्या सेलची जाहिरात तर दुसरं काही सांगतच नाही.

काल रात्रीपर्यंत तोच टीव्ही व्यवस्थित चालत होता. आज सकाळी नवा सेटटॉप बॉक्स आला आणि मालिकेतल्या सुनेचा चेहरा आडवा पसरला. घरात बदललं काय? बॉक्स. मग दोष टीव्हीचा कसा?

नव्या एचडी बॉक्सला १९२० बाय १०८० ठिपक्यांचं चित्र पाठवता येतं. समोरचा टीव्ही तेवढे ठिपके दाखवू शकतो की नाही, हे बघणं जोडणी करणाऱ्याचं काम. तो मुलगा वायर खोचतो, चित्र उमटलं की मोबाइलवर फोटो काढतो आणि पुढच्या सोसायटीकडे पळतो. त्याच्यावर चिडून उपयोग नाही. जोडण्या किती झाल्या हे मोजणारे वर बसलेत. बघणाऱ्याला नीट दिसतंय का, हे मोजणारं कोणीच नाही.

आधी आकडे बघू. पिक्चर ट्यूबवाल्या जुन्या टीव्हीला जे डिजिटल चित्र मिळतं ते ७२० बाय ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत ठिपके. बत्तीस इंची ‘एचडी रेडी’ टीव्हीचा पडदा बहुधा १३६६ बाय ७६८, म्हणजे साडेदहा लाख. फुल एचडी पावणेएकवीस लाख. फोर-के त्र्याऐंशी लाख. टीव्ही घेताना यातला एक तरी आकडा विचारला होता? दुकानदाराने इंच सांगितले, आपण इंच घेतले.

हे ५७६ आले कुठून? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं तेव्हा चित्र ६२५ रेघांचं होतं, त्यातल्या पडद्यावर दिसणाऱ्या ५७६. १९८२ साली रंग आले, रेघा त्याच राहिल्या. पुढे उपग्रह वाहिन्या आल्या, मग डिजिटल आलं, तरी साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या, वाहिनीच्या रेघा त्याच. म्हणजे ज्याला ‘जुना डबा’ म्हणून हिणवतात, तो याच वाहिन्यांसाठी बनलेला आहे. साध्या वाहिनीशी इतका जुळणारा पडदा आज शोरूममध्ये मिळणार नाही.

उलट बघा. साधा बॉक्स आणि वर पंचावन्न इंची फोर-के टीव्ही. ७२० बाय ५७६ चं चित्र ३८४० बाय २१६० वर पसरायचं म्हणजे ठिपके बरोबर वीस पट. एका खऱ्या ठिपक्यामागे एकोणीस टीव्हीने अंदाजाने भरलेले. मोठा टीव्ही घेऊनही चित्र भुरकट का, असं विचारणाऱ्यांना उत्तर मिळालं असेल.

आता सेटटॉप बॉक्सकडे. तो आपण हौसेने आणलेला नाही. केबल टीव्हीच्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली. बॉक्स बसवायला मुंबईला मुदत मिळाली ३१ ऑक्टोबर २०१२ ची, पुणे, नागपूर, नाशिक धरून दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांना ३१ मार्च २०१३ ची, आणि मुदती वाढत वाढत खेड्यापाड्यांपर्यंत जायला मार्च २०१७ उजाडला. बॉक्स सक्तीचा केला. तो ज्या टीव्हीला लागणार त्याची विचारपूस कोणत्याच अर्जात नव्हती.

तेव्हाचे बॉक्स तीन पिनांचे. पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. पिवळ्या पिनेतून साधंच चित्र जातं. एचडी जात नाही. बॉक्स कितीही महागडा असो, पॅक कोणताही असो, पिवळ्या पिनेतून ५७६ रेघांच्या वर एक रेघ जाणार नाही.

हे पक्कं लक्षात ठेवा. पुढचा सगळा हिशेब यावर आहे.

एचडी वाहिनी, एचडी बॉक्स, पिवळी पिन आणि चौकोनी जुना टीव्ही. रुंद चित्र चौकोनी पडद्यावर न दाबता बसवायचं तर वर-खाली काळ्या पट्ट्या येणारच. ५७६ रेघांपैकी चित्राला उरतात ४३२. सातशे वीस गुणिले चारशे बत्तीस म्हणजे ३,११,०४० ठिपके. वाहिनीच्या चौकटीत मुळात २०,७३,६०० आहेत. भागून बघा. बरोबर पंधरा टक्के.

बिल किती टक्क्यांचं येतं?

‘ट्राय’ या नियामक संस्थेचे २०१७ चे नियम १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्यक्षात लागू झाले. त्यांत तेव्हा शंभर साध्या वाहिन्यांसाठी नेटवर्कचं शुल्क ठरलं जास्तीत जास्त १३० रुपये, वर कर, आणि एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांइतकी मोजली गेली. एचडीला जागा जास्त लागते, तेव्हा ती जास्त मोजली यात गैर काही नाही. गैर आहे ते वेगळंच. घरात पिवळी पिन लावताना जो माणूस हजर असतो, तोच एचडी पॅक विकतो. त्याला माहीत असतं. तो बोलत नाही.

एक बाजू सांगायलाच हवी. एचडी वाहिनीचं चित्र पाठवताना कमी चेपलेलं असेल, तर ते ५७६ रेघांत उतरवूनही थोडं स्वच्छ दिसू शकतं. थोडं. तेवढ्यासाठी दर महिन्याला जादा पैसे मोजायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं, पण माहिती घेऊन ठरवावं. माहितीच दिली नाही तर ठरवतोय कोण?

चेहऱ्यांचं प्रकरण पैशांहून वाईट.

जुना पडदा चारास तीन, नवा सोळास नऊ. रुंद चित्र जुन्या पडद्यावर कोंबलं की माणसं उंच आणि किडकिडीत होतात. जुनं चित्र नव्या पडद्यावर ओढलं की तीच माणसं रुंद होतात. बॉक्स दोन्ही करू देतो, टीव्हीही दोन्ही करू देतो. दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो.

प्रभातचा ‘संत तुकाराम’ हा चित्रपट १९३६ चा. त्या काळची चौकट जवळजवळ चारास तीन. ती सोळास नऊच्या पडद्यावर ताणली की विष्णुपंत पागनीस एक तृतीयांशाने रुंद होतात. ज्या चेहऱ्यात लोकांनी तुकोबा पाहिला तो चेहरा आपण घरोघर रबरासारखा ओढून बघतो, आणि वर म्हणतो की जुन्या चित्रपटांत आता मजा वाटत नाही. मजा कशी वाटेल? तो चित्रपट आपण पाहिलेलाच नाही.

पण काळी पट्टी दिसली की घरात लगेच आवाज उठतो. पैसे बत्तीस इंचांचे दिलेत, मग एवढा भाग रिकामा का? भरा सगळा. कोणीतरी रिमोटवरचं झूमचं बटण दाबतं, पडदा काठोकाठ भरतो, सगळे खूश. पडदा भरला, चित्र मेलं.

उपाय अवघड असता तर मीही समजून घेतलं असतं. बॉक्सच्या मेनूत ‘डिस्प्ले’, ‘व्हिडिओ’ किंवा तत्सम नावाखाली दोन गोष्टी सापडतात. पहिली, टीव्हीचा आकार: चारास तीन की सोळास नऊ. दुसरी, चित्र बसवायचं कसं. ‘लेटरबॉक्स’ म्हणजे पट्ट्यांसकट पूर्ण चित्र. ‘पॅन-स्कॅन’ म्हणजे दोन्ही बाजू छाटलेल्या. ‘फुल’ किंवा ‘स्ट्रेच’ म्हणजे ताणलेलं. चौकोनी टीव्हीला चारास तीन आणि लेटरबॉक्स लावा, विषय संपला. दोन मिनिटांचं काम, आणि वर्षानुवर्षं घरातल्या कोणाला ते दाखवलेलं नाही.

काही साध्या वाहिन्या रुंद चित्र आधीच पट्ट्या जोडून चौकोनात पाठवतात. नव्या टीव्हीवर मग चारही बाजूंनी काळी चौकट येते आणि चित्र मधोमध पाकिटाएवढं उरतं. इथे मात्र टीव्हीचं झूम वापरा. बटण तेच असतं, वेळ वेगळी असते.

आता ‘एचडी रेडी’कडे. सगळ्यात जास्त गैरसमज याच चिठ्ठीचा. ही चिठ्ठी जानेवारी २००५ मध्ये युरोपातल्या उत्पादकांच्या संघटनेने आणली. अट अशी: पडद्यावर किमान ७२० रेघा हव्यात, आणि टीव्हीने ७२०पी (सगळ्या रेघा एकदम) व १०८०आय (रेघा एकाआड एक, दोन खेपांत) अशी दोन्ही चित्रं स्वीकारायला हवीत. स्वीकारणं आणि दाखवणं यांत फरक आहे. १०८० रेघांचं चित्र टीव्ही आत घेतो आणि ७६८ रेघांत उतरवतो. फुल एचडीचे निम्मे ठिपके त्याच्याकडे नाहीतच. चिठ्ठीवर अर्थात हे छापत नाहीत.

तरीही बत्तीस इंची पडदा आठ-दहा फुटांवरून बघणाऱ्याने हळहळू नये. तेवढ्या अंतरावरून ७६८ आणि १०८० यांतला फरक ओळखणारे डोळे फार थोडे. फरक सांगणारे सेल्समन बरेच.

या टीव्हीला बॉक्स कशावर ठेवायचा? मजा अशी की ७६८ हा आकडा कोणीच पाठवत नाही. ७२०पी ठेवलं तर टीव्ही चित्र थोडं वाढवतो, १०८०आय ठेवलं तर कमी करतो. एचडी वाहिनी १०८०आय असेल आणि बॉक्स ७२०पी वर असेल, तर आधी बॉक्स चित्र कमी करतो आणि मग टीव्ही ते वाढवतो. एकाच चित्राला दोनदा कात्री. म्हणून आधी १०८०आय लावून बघा, मग ७२०पी. क्रिकेट लावा आणि वेगाने सरकणाऱ्या कॅमेऱ्यात सीमारेषेच्या जाहिरातीची अक्षरं वाचून बघा. ज्यात नीट वाचता येतील ते तुमचं. इथे तज्ज्ञ लागत नाही, डोळे लागतात.

सगळ्यात मोठी पंचाईत खोली बदलताना होते. हॉलमध्ये नवा टीव्ही येतो, जुना बेडरूममध्ये जातो, आणि बॉक्सही कधीतरी त्याच्यामागे जातो. हॉलमध्ये असताना कोणीतरी त्याला १०८०पी वर कायम करून ठेवलेलं असतं. काही जुने एचडी टीव्ही १०८०पी घेत नाहीत, ७२०पी आणि १०८०आय एवढंच घेतात. पडद्यावर येतं ‘नो सिग्नल’ किंवा ‘मोड नॉट सपोर्टेड’. आकडा बदलायला मेनू हवा, आणि मेनू दिसायला चित्र हवं. पकडलं की नाही कात्रीत?

लोक इथे हात टेकतात. केबलवाल्याला फोन, तो म्हणतो टीव्हीचं पोर्ट गेलं. मेकॅनिक येतो, तो म्हणतो बोर्ड बदलावा लागेल. बॉक्सला पिवळी पिन असेल तर ती लावून बघा. बऱ्याच बॉक्समध्ये त्या वाटेने मेनू दिसतो. आकडा ७२०पी किंवा ५७६पी करा, मग एचडीएमआयवर, म्हणजे डिजिटल चित्राच्या वायरीवर, परत या. पिवळी पिन नसेल तर बॉक्स पुन्हा हॉलच्या टीव्हीला लावा, आकडा उतरवा, आणि तोच बॉक्स बेडरूममध्ये न्या. काही रिमोटवर यासाठी वेगळं बटणही असतं. खर्च शून्य. बोर्डाचा खर्च मेकॅनिकला विचारा.

‘ऑटो’ नावाची सोय असते. एचडीएमआयच्या वायरीतून टीव्ही बॉक्सला आपली क्षमता कळवतो आणि बॉक्स त्याप्रमाणे चित्र पाठवतो. सोय चांगली आहे. तिला हात लावला नसता तर निम्म्या तक्रारी झाल्याच नसत्या.

बाजारातला एक उद्योग मात्र सरळ फसवणुकीचा. नव्या बॉक्सला फक्त एचडीएमआय, जुन्या टीव्हीला फक्त तीन पिना. दुकानात एक वायर मिळते: एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी-पिवळी. स्वस्त, सुबक, आणि या कामाला निरुपयोगी. एचडीएमआयमध्ये चित्र डिजिटल, पिवळ्या पिनेत अॅनालॉग. साध्या तांब्याच्या तारेने एकाचं दुसरं होत नाही. त्यासाठी छोटा कन्व्हर्टर लागतो, त्याला यूएसबीवरून वीज द्यावी लागते, आणि ‘एचडीएमआय टू एव्ही’ हीच दिशा त्यावर लिहिलेली हवी. ‘एव्ही टू एचडीएमआय’ म्हणजे उलटी दिशा. दोन्हींची खोकी दिसायला सारखीच. वीज न मागणारी वायर परत करा आणि पैसे मागा.

काही बॉक्सना पिना नसतात, हेडफोनसारखं एक गोल छिद्र असतं. त्याला लागणारी वायर बॉक्ससोबत आली असेल तर जपून ठेवा. बाहेरून आणलेल्या वायरीत आतल्या जोडण्यांचा क्रम वेगळा असू शकतो. पिवळी लावून चित्र आलं नाही तर लाल किंवा पांढरी पिन पिवळ्या छिद्रात घालून बघा. रंगांवर फार श्रद्धा ठेवू नका.

जुन्या टीव्हीवर चित्र कृष्णधवल दिसतंय किंवा वर-खाली घरंगळतंय? बॉक्स बहुधा ‘एनटीएससी’ या दुसऱ्या प्रसारण-पद्धतीवर गेलाय. त्याला ‘पाल’वर आणा. भारतातले टीव्ही पालचे. या एका सेटिंगपायी टीव्ही भंगारात देऊ नका.

भंगारावरून आठवलं. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं. टीव्ही खरोखरच मेला असेल तर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. जिवंत असेल तर देऊच नका. चालणारी वस्तू चुकीच्या सेटिंगपायी मोडीत निघते, तेव्हा तो खर्च घराचा असतो आणि शिसं गावाचं.

बातम्यांची खालची पट्टी अर्धी कापलेली दिसते, क्रिकेटचा स्कोअर कोपऱ्यात अर्धवट. लोकांना वाटतं वाहिनीची चूक. बरेच टीव्ही चित्राच्या कडा थोड्या पडद्याबाहेर ढकलतात. पिक्चर ट्यूबच्या जमान्याची ही सवय सपाट पडद्यांनीही उचलली. टीव्हीच्या मेनूत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा असंच काहीतरी नाव शोधा. पट्टी पूर्ण दिसेल. बातमी पूर्ण मिळेल याची हमी तो मेनू देत नाही.

आणि ‘शार्पनेस’ शंभरवर नेणं थांबवा. जे तपशील आलेच नाहीत ते शार्पनेस आणू शकत नाही. अक्षरांभोवती पांढरी कड मात्र नक्की आणतो.

हे सगळं ग्राहकाने शिकायचं का? शिकावं. पण सक्ती त्याच्यावर का? मोबाइलचं कार्ड जवळजवळ कुठल्याही फोनमध्ये चालतं. सेटटॉप बॉक्स मात्र ज्या कंपनीची जोडणी त्याच कंपनीचा घ्यायचा. माझ्या टीव्हीला तीन पिनांचा बॉक्स सोयीचा, तर तो मी बाजारात जाऊन का निवडू नये? ट्रायने एप्रिल २०२० मध्ये शिफारस केली की बॉक्स कोणत्याही कंपनीच्या सेवेला चालणारे असावेत. शिफारशीला वर्षं लोटली. बॉक्स अजून कंपनीशीच बांधलेला.

ज्यांना मासिक बिलच नको त्यांच्यासाठी दूरदर्शनची फ्री डिश आहे. एकदा डिश आणि बॉक्स घेतला की महिन्याचं शुल्क नाही. पण तिथेही बॉक्स घेताना तो वळवून मागच्या पिना बघाव्या लागतात, आणि ते दुकानदार आपणहून सांगत नाही.

कंपन्यांकडे आणि केबल ऑपरेटरांकडे मागणी एकच, आणि ती फुकट आहे. जोडणीच्या अर्जात एक रकाना वाढवा: टीव्हीचा आकार आणि ठिपके. जिथे पिवळी पिन लागणार तिथे एचडी पॅक विकायच्या आधी ग्राहकाला तोंडावर सांगा की एचडी दिसणार नाही. त्यानंतरही त्याने घेतलं तर तो त्याचा निर्णय. ट्रायने हा रकाना सक्तीचा करावा. ज्या यंत्रणेला देशभर बॉक्स सक्तीचा करता आला, तिला एक रकाना जड जाऊ नये.

आणि तुम्ही? पुढच्या वेळी जोडणीचा माणूस घरी आला की त्याला बसवा, पाणी द्या, आणि बातम्या लावायला सांगा. निवेदकाचा चेहरा सरळ आहे का बघा. वाहिनीचं गोल चिन्ह गोलच दिसतंय का बघा. अंडाकृती दिसलं तर आकार चुकलाय. खालची पट्टी दोन्ही टोकांना पूर्ण आहे का बघा. बॉक्स किती रेघा पाठवतोय तो आकडा मेनूत उघडून दाखवायला सांगा, आणि घरातल्या एखाद्या पोराला तो लिहून घ्यायला लावा. तो घाई करेल. करू द्या. काम पूर्ण झाल्याचा ओटीपी बहुधा तुमच्या मोबाइलवर येतो. चित्र सरळ दिसेपर्यंत तो देऊ नका.